मोडलेल्या मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा : आमच्या राजापूरवरून

मार्च १९७१. वाघोटण खाडीच्या देवगडकडच्या काठावर, एका कौलारू शाळेत मी मतदारांच्या बोटाला शाई लावायला बसलो होतो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आदल्या रात्री लोखंडी मतपेटी उशाशी घेऊन बाकांवर झोपलो, गावातल्या एका घरून कुळथाची पिठी आणि भात आला होता. खाडीपलीकडे राजापूर तालुका, अलीकडे आमचा देवगड, पण दोन्ही काठांचा खासदार एकच. सगळ्या टापूचं दिल्लीतलं नावही एकच : राजापूर.

पुढे दहा वर्षांनी, १ मे १९८१ला, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि खाडीच्या दोन काठांना दोन कलेक्टर आले. खासदार तरीही एकच राहिला. २००४ साली मी शेवटची इलेक्शन ड्युटी केली, तेव्हा मतपेटीच्या जागी यंत्र होतं आणि मतदारसंघाचं नाव अजूनही राजापूरच होतं. २००९च्या यादीत मात्र ते नाव नव्हतं. ना निरोप, ना कुठे पाटी. शाळेतल्या मुलांना 'राजापूर लोकसभा' म्हटलं की ती आता विधानसभेचाच मतदारसंघ समजतात.

गेली काही वर्षं मी या मतदारसंघाची माहिती जमवतो आहे. आसपासचे शिक्षक, कॉलेजची मुलं विचारतात, आम्हाला आमच्या भागाचं असं काही लिहायचं तर सुरुवात कुठून करू? महाराष्ट्रात २००८च्या पुनर्रचनेत, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या तेव्हा, कुलाबा, खेड, कराड, इचलकरंजी, पंढरपूर, एरंडोल, मालेगाव, डहाणू, वाशिम, चिमूर अशी किती तरी नावं गेली. म्हणजे करण्यासारखं काम पुष्कळ आहे. मी कसं केलं ते सांगतो, त्यातलं तुमच्या भागाला लागू पडेल ते घ्या.

आधी जन्म आणि शेवट पक्का करा

पहिल्या दिवशी एकच काम. वहीच्या पहिल्या पानावर लिहा : हे नाव पहिल्यांदा कोणत्या निवडणुकीत आलं, शेवटचं कोणत्या. राजापूरचं उत्तर १९५७ आणि २००४. मधल्या काळात लोकसभेच्या तेरा निवडणुका झाल्या. १९५२ साली हा भाग 'रत्नागिरी दक्षिण' या नावाखाली होता आणि तिथून काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले होते. त्यांना राजापूरच्या यादीत घुसवू नका, पण 'आधीचं घर' म्हणून एक परिच्छेद नक्की द्या. शेवटानंतरचंही तसंच. राजापूर गेलं आणि 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' आलं. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. त्याच फेरीत वेंगुर्ले, मालवण आणि देवगड ही विधानसभेची नावंही पुसली गेली. माझ्या देवगडचं नाव एकाच वेळी विधानसभेच्या यादीतून गेलं आणि ज्या लोकसभा मतदारसंघात ते होतं तोही गेला. दुसऱ्या कोणाला ही बाब किरकोळ वाटेल, मला ती अजून बोचते.

नावांच्या बाबतीत दोन खड्डे आधीच दाखवून ठेवतो. एक, तेच नाव दोन ठिकाणी असतं. 'खेड लोकसभा' म्हणजे पुणे जिल्ह्यातलं खेड, आमच्या रत्नागिरीतलं नव्हे. आणि जुन्या वर्तमानपत्रात 'राजापूरचा निकाल' असं दिसलं तर तो लोकसभेचा की विधानसभेचा, हे बातमी पूर्ण वाचल्याशिवाय ठरवू नका. दोन, जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून मतदारसंघाचं बदलत नाही. कुलाबा जिल्हा १९८१ साली रायगड झाला, लोकसभेच्या यादीत मात्र २००४पर्यंत कुलाबाच होता.

हद्द : इथे घाई करू नका

बहुतेक जण थेट खासदारांच्या यादीला हात घालतात. मीही तेच केलं होतं आणि सहा महिने वाया गेले. मतदारसंघ म्हणजे आधी गावं. कोणती गावं आत आणि कोणती बाहेर हे न कळता 'राजापूरने अमक्याला निवडून दिलं' असं लिहिण्यात अर्थ नसतो, कारण १९५७चं राजापूर आणि १९७७चं राजापूर ही दोन वेगळी माणसं असू शकतात, नाव एक असलं तरी.

हद्दीची माहिती पुनर्रचनेच्या आदेशांत मिळते. हे आदेश राजपत्रात छापले जातात आणि निवडणूक आयोगाकडेही असतात. १९६०च्या दशकातल्या फेरीत महाराष्ट्राच्या जागा ४४वरून ४५ झाल्या, १९७०च्या दशकातल्या फेरीनंतर ४८. ही ४८ची मांडणी १९७७च्या निवडणुकीपासून लागू झाली. त्यानंतर जागांचा आकडा गोठवला गेला आणि हद्दीही तीस वर्षं तशाच राहिल्या. पुढची फेरी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाची, २००१च्या जनगणनेवर आधारलेली. ती २००८ साली अमलात आली. प्रत्येक फेरीचा आदेश वेगळ्या फायलीत ठेवा.

आदेशाची भाषा रुक्ष असते : तालुका, महसूल मंडळ, सजा (म्हणजे एका तलाठ्याकडची गावं). ती वाचायला तुमच्या गावच्या तलाठ्याची किंवा निवृत्त मंडळ अधिकाऱ्याची मदत घ्या, ते दहा मिनिटांत सांगतात. आजचा तालुका जुन्या आदेशात शोधत बसू नका. दोडामार्ग हा तालुका सावंतवाडीतून नंतर वेगळा झाला, १९७६च्या कागदात तो सावंतवाडीच्या पोटात आहे. मी जिल्ह्याच्या नकाशाच्या चार झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक फेरीची हद्द रंगीत पेन्सिलीने एकेका प्रतीवर ओढली. संगणक येणाऱ्याने संगणकावर करावं, पण करावं. चार नकाशे शेजारी ठेवले की जे चार पानं वाचून कळत नाही ते दिसतं.

अनुक्रमांकही टिपून ठेवा. जुन्या यादीत राजापूर लोकसभा महाराष्ट्रातला १ नंबरचा मतदारसंघ होता आणि सावंतवाडी १ नंबरची विधानसभा. मोजणी दक्षिणेकडून, आमच्याकडून सुरू व्हायची. २००८नंतर ती नंदुरबारकडून सुरू झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा नंबर ४६ आणि सावंतवाडी विधानसभेचा २७०. जुन्या कागदावर नुसता आकडा असेल आणि नाव फाटलेलं असेल, तेव्हा ही जोडी माहीत नसेल तर तुम्ही भलत्याच जिल्ह्यात पोहोचाल.

निकालांचा तक्ता

निवडणूक आयोगाने प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल काढलेला आहे आणि ते आता घरबसल्या उतरवून घेता येतात. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळी पाडा. वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष, चिन्ह, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, एकूण मतदार, झालेलं मतदान. आकडे अहवालातूनच उतरवा, कोणाच्या भाषणातून किंवा गौरवग्रंथातून नको.

राजापूरचा तक्ता भरला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. १९५७, १९६२, १९६७ : बॅरिस्टर नाथ पै, प्रजा समाजवादी पक्ष. १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते. १९९१ : काँग्रेसचे सुधीर सावंत. १९९६, १९९८, १९९९, २००४ : शिवसेनेचे सुरेश प्रभू. तेरा निवडणुका आणि चार माणसं. त्यांत काँग्रेस फक्त एकदा, आणि तेही काँग्रेसचा गड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाराष्ट्रात. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत राज्यातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या, तेव्हाही राजापुरातून दंडवतेच निवडून आले. हे का घडलं, हा तुमच्या लिखाणाचा कणा. तो तक्त्यातून वर आला पाहिजे, आधीच मनात धरून तक्ता भरू नका.

तक्त्यातले काही फसवे रकाने सांगतो. १९७७च्या अहवालात जनता पक्षाचे उमेदवार 'भारतीय लोकदल' या नावाखाली दिसतात, कारण तेव्हा त्यांनी त्याच पक्षाचं चिन्ह घेऊन निवडणूक लढवली होती. ते वाचून 'दंडवते लोकदलात गेले' असं लिहिणारे मला भेटले आहेत. उमेदवाराचं आडनाव आधी की नाव आधी, हेही तक्त्यागणिक बदलतं, म्हणून शोधताना दोन्ही प्रकारे शोधा. आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या भागाचं काम करत असाल तर १९५२ आणि १९५७ साली काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडले जात, हे लक्षात असू द्या. एका वर्षापुढे दोन नावं दिसली म्हणजे छपाईची चूक नव्हे.

तारखांची एक कसोटी नेहमी लावा. आमच्याकडे सर्रास सांगतात, 'नाथ पै गेले आणि पोटनिवडणुकीत दंडवते आले.' मीही हे वर्षानुवर्षं ऐकलं आणि खरं मानलं. नाथ पै बेळगावात गेले ते जानेवारी १९७१मध्ये. लोकसभा २७ डिसेंबर १९७०लाच बरखास्त झाली होती. मग पोटनिवडणूक होणार कशाची? दंडवते आले ते मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत, आणि त्या दिवशी शाई लावायला मी स्वतः होतो. डोळ्यांनी पाहिलेलं असूनही ऐकीव गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली होती. म्हणून म्हणतो, दोन तारखा शेजारी लिहा.

खासदार दिल्लीत काय बोलले

लोकसभेची कामकाजाची इतिवृत्तं आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. तिथे खासदाराच्या नावाने शोधलं तर हजारो पानं निघतात आणि माणूस बुडून जातो. मी वेगळा रस्ता धरला. एक विषय घेतला आणि तो चारही खासदारांमधून ओढत नेला. माझा विषय होता रेल्वे.

१९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले. लाकडी बाकांवरून रात्र काढणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला त्यांनी दोन इंचांची गादी दिली, हे देशभर सांगितलं जातं. पण त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात एक फूटही रूळ नव्हता. आमचे चाकरमानी मुंबईहून एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत यायचे. पुढे १९९०च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. रूळ पडत होते त्या वर्षांत खासदार होते सुधीर सावंत. १९९६ला सुरेश प्रभू आले, आणि २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. एका विषयाची दोरी धरली की चार माणसांची चार चरित्रं न होता एका मतदारसंघाची एक गोष्ट होते. तुमच्याकडे तो विषय धरणाचा असेल, साखर कारखान्याचा असेल, नाहीतर वनजमिनीचा.

इथेच आणखी एक चूक टाळा. 'राजापूरने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले' असं वाक्य मी भाषणात ऐकलं आहे. प्रभू २०१४ ते २०१७ रेल्वेमंत्री होते खरे, पण त्या वेळी ते राज्यसभेत होते आणि राजापूर मतदारसंघ संपून पाच वर्षं झाली होती. अभिमान जरूर बाळगावा, वाक्य मात्र नीट लिहावं.

आणि देशपातळीवरच्या कामाला कमी लेखू नका. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही असा निकाल १९६७ साली दिला, तेव्हा तो अधिकार परत मागणारं खासगी विधेयक मांडलं नाथ पै यांनी. ते 'नाथ पै विधेयक' म्हणूनच ओळखलं जातं. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही, पण १९७१च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तीच बाजू घेतली. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या माणसाने उभा केलेला हा वाद भारतीय घटनेच्या इतिहासात कायमचा आहे. आमच्या शाळांत तो शिकवला जात नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

माणसांना विचारा, आजच

कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. १९५७ साली मत दिलेला माणूस तेव्हा किमान २१ वर्षांचा होता, म्हणजे आज नव्वदीच्या जवळ किंवा पुढे. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी करा. मी उशीर केला. खाडीकाठच्या ज्या शाळेत १९७१ला ड्युटी होती, त्या गावच्या पोलीस पाटलांकडे जायचं जायचं म्हणत राहिलो आणि पोहोचलो तेव्हा त्यांच्या फोटोला हार होता.

गेल्या गेल्या 'कोणाला मत दिलं' असं विचारू नये. मत गुप्त असतं आणि म्हाताऱ्या माणसालाही ते गुप्त ठेवायचा हक्क आहे. विचारा की केंद्र कुठे होतं, किती चालावं लागलं, बरोबर कोण होतं, घरच्या बायका एकत्र गेल्या का, त्या दिवशी घरी काय शिजलं होतं. मग गोष्टी आपणहून निघतात. एका आजींना मी फक्त 'केंद्र खंय होता?' एवढंच विचारलं आणि त्यांनी हात उंचावून सांगितलं, 'देवळाकडे. झोपडीर शिक्को, आणि काय!'

आता या एका वाक्यातून साल कसं काढायचं ते पहा. गावच्या माणसाला साल आठवत नाही, चिन्ह आठवतं. झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी, म्हणजे १९७१ किंवा त्याआधी. शिक्का म्हणाल्या, म्हणजे १९५७ नव्हे, कारण तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह असे आणि मतदार नुसता कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकत असे. शिक्का मारण्याची पद्धत सार्वत्रिक झाली १९६२पासून. मग विचारलं, एकच कागद होता की दोन? दोन, म्हणाल्या. १९६२ आणि १९६७ला लोकसभा-विधानसभा एकत्र झाल्या होत्या, १९७१ला फक्त लोकसभा. म्हणजे उरली दोन सालं. शेवटी विचारलं, गोवा सुटल्यावर लगेच, की कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी? गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१मध्ये, मतदान पुढच्या फेब्रुवारीत. भूकंप डिसेंबर १९६७चा, त्या वर्षीचं मतदान फेब्रुवारीतच होऊन गेलेलं. आजी म्हणाल्या, भाऊ गोव्याहून परत आला होता, तो बरोबर होता. १९६२.

हीच पद्धत पुढच्या सालांनाही लागते. काँग्रेसची बैलजोडी १९६७पर्यंत, गाय-वासरू १९७१ आणि १९७७ला, हात १९८०पासून. चक्रातला नांगरधारी शेतकरी म्हणजे जनता पक्ष, नुसतं चाक म्हणजे १९८९पासूनचा जनता दल. 'अठरा पूर्ण झाली आणि मत दिलं' असं कोणी म्हणालं तर ते १९८९चं किंवा त्यानंतरचं, त्याआधी वय २१ लागायचं. या सगळ्याची एक चिठ्ठी करून वहीच्या आतल्या कव्हरला चिकटवा. मुलाखतीत तीच सर्वांत जास्त कामाला येते.

रेकॉर्डिंग करत असाल तर आधी परवानगी घ्या, आणि नाव छापायचं का ते वेगळं विचारा. बोलणं आहे त्याच बोलीत उतरवा. मालवणीची प्रमाण मराठी केली की अर्धी गोष्ट तिथेच सांडते.

आणि ज्यांनी इलेक्शन ड्युट्या केल्या त्यांना विसरू नका. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमन. कोणत्या वाडीला रस्ता कधी झाला, पेटी होडीतून नेली की जीपमधून, पेट्रोमॅक्स कधी गेली आणि दिवा कधी आला, हे निकालाच्या कोणत्याच अहवालात नाही. जुन्या मतदार याद्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. मी एका कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा १९८०च्या आधीच्या याद्या रद्दीत गेल्याचं कळलं. पण दोन गावांतल्या पक्षकार्यकर्त्यांच्या घरी, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, त्या जशाच्या तशा निघाल्या. सरकारी दारावर 'नाही' आलं की घरोघर विचारा, सगळ्या पक्षांच्या जुन्या कार्यकर्त्यांना. एकाच पक्षाच्या ट्रंका उघडल्या तर इतिहासही एकाच बाजूचा होतो.

लिहायला बसल्यावर

क्रम मी असा ठेवला : आधी भूगोल आणि गावं, मग हद्दींचे चार नकाशे, मग निवडणुका, आणि प्रत्येक निवडणुकीच्या पोटात त्या सालच्या लोकांचं बोलणं. खासदारांची चरित्रं शेवटी, प्रत्येकी दोन पानांहून जास्त नाहीत. हरलेल्या उमेदवारांना जागा द्या. तेरा वेळा कोणी तरी दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि त्यांच्या मागेही हजारो माणसं उभी होती. ज्या गोष्टीला दोन ठिकाणांहून आधार नाही ती 'असं सांगतात' म्हणूनच लिहा.

पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही असं करू नका. माझी पहिली पंधरा पानं मी आमच्या वाचनालयात ठेवली, सोबत एक कोरी वही. आठवड्यात तिच्यात अकरा दुरुस्त्या आल्या. त्यांतल्या चार गावांच्या नावांच्या होत्या. एका गृहस्थांनी खाडीपलीकडून तरीने येऊन सांगितलं की त्यांची वाडी मी नकाशात भलत्याच सजात टाकली आहे. ती मी त्यांच्यासमोरच पेन्सिलीने बदलली. शेवटच्या प्रती कराल तेव्हा एक शाळेला, एक ग्रामपंचायतीला, एक तालुक्याच्या वाचनालयाला द्या, आणि पहिल्या पानावर 'माहिती अमुक तारखेपर्यंतची' एवढं लिहायला विसरू नका.